अप्पांचं बटण

छोटीच्या मालिकेला म्हाताऱ्या पुरुषांनी वाचवलं, ही बातमी तिनं रविवारी दुपारी भाजी वाढून घेता घेता दिली, आणि तिच्या वहिनीचा, थोरलीचा, डाव हवेतल्या हवेत थांबला.

"म्हाताऱ्या पुरुषांनी?" दादानं विचारलं. "बायका बघत नाहीत?"

"बायका गेल्या रे. समोरच्या चॅनेलवर स्मृती गेलेली जुळी बहीण आलीय, तिच्यामागे सगळ्या गेल्या. तरुण पोरं आधीपासूनच नव्हती. खरं सांगते, गाशा गुंडाळायचंच ठरलं होतं. पण आपल्या या भागात पंच्याहत्तरीच्या पुढचे पुरुष..." छोटीनं पोळीचा तुकडा हातात तसाच धरून दुसरा हात उभा केला. "आकडा असा. भिंतीसारखा उभा. रोज! सुरुवातीच्या गाण्यापासून शेवटच्या नावांपर्यंत. जाहिरातीतसुद्धा उठत नाहीत. आमच्या चॅनेलचे साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, इतका एकनिष्ठ प्रेक्षक मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही."

आईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो बराच वेळ खाली आला नाही.

थोरलीनं सासूकडे पाहिलं आणि डाव भाजीत परत ठेवला. लग्न होऊन आल्यापासून दोघींनी एकाच ओट्यापाशी जन्म काढला होता. आईंची पाठ बघूनही थोरलीला कळायचं, की मीठ जास्त पडलंय आणि त्या ते कबूल करणार नाहीत. आत्ता तर तोंडच समोर होतं.

बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली एक करड्या रंगाची पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायच्या, करंट वरखाली होतो ना, त्यासाठी बसवलीय. खरी गोष्ट निराळी होती. चार वर्षांपूर्वी मोजणी कंपनीची माणसं आली होती. कोणत्या घरात कोण काय बघतं ते मोजण्यासाठी आम्ही मोजकी घरं निवडतो, म्हणाली, त्यांत तुमचं घर आहे; तुमच्या एका माणसावरून तशा हजारोंचा हिशेब धरतो. पेटीबरोबर एक छोटा रिमोट दिला. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. एक नंबर अप्पा, दोन नंबर आई, तीन दादा, चार थोरली. आणि हे कुणालाही सांगायचं नाही, अगदी कुणालाही, नाहीतर मालिकावाले दारात येऊन बसतील.

आईंनी ते इतकं मनावर घेतलं, की पोटच्या मुलीलाही सांगितलं नाही. तेव्हा छोटी शाळेत शिकवत होती. पुढे तिनं शाळा सोडली आणि ती मालिका लिहायला लागली, तेव्हा थोरलीनं एकदा सुचवून पाहिलं, "आई, घरातलं माणूस मालिकेत असलं तर कंपनीला कळवायला हवं ना?" तर आई म्हणाल्या, "ती तिच्या घरी राहते. पेटीला काय ठाऊक माझी मुलगी कोण ते." विषय संपला. दादानं तर कानांवर हातच ठेवले. गोपनीय म्हणजे गोपनीय, म्हणाला. सरकारी माणूस.

गेल्या वर्षी अप्पा गेले.

त्यानंतर एका संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन थोरली बाहेरच्या खोलीच्या दारात आली, तेव्हा आई रिमोट डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या. आधी एक दाबलं. मग दोन. पेटीवर दोन दिवे लागले. थोरली तशीच मागच्या पावली परत फिरली. काही गोष्टी दिसल्या तरी दिसल्या नाहीत असं धरायचं असतं. एकत्र कुटुंबं त्यावरच तर उभी असतात. आणि त्या दाबलेल्या बटणाचं पुढे कुठे काही होत असेल, कुणी साहेब त्याच्यावरून टेबल बडवत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणून तर आजोबा आणले," छोटी सांगत होती. "चॅनेलनं सांगितलं, म्हाताऱ्यांसाठी काहीतरी द्या. मी म्हटलं, द्यायचंच तर माझ्या अप्पांनाच देते. लिफ्ट दुरुस्त करणारे निवृत्त आजोबा. वहिनी, तुझ्या लक्षात आलंच असेल."

"आलं की," थोरली म्हणाली.

लक्षात तिच्या आणखीही काही आलं होतं. त्याच मालिकेत एक वहिनी होती. साखरेच्या डब्याला कुलूप लावणारी, पाहुणे गेले की चमचे मोजणारी. ती दाराआडून ऐकू लागली की पाठीमागे ढोल वाजायचे. थोरलीनं दोन वर्षं ते ढोल मुकाट ऐकले होते.

"उद्या सकाळी मीटिंग आहे," छोटी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "आणखी एक वर्ष देतायत. माझी स्वतःची मालिका, माझं नाव पहिलं, आणि पूर्ण वर्ष. याआधी नुसती दुसऱ्यांच्या मालिकांची भोकं बुजवली मी. आणि दादा, खरा आकडा आहे हा. विकतचा नाही. विचार यांना."

सगळ्यांनी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांचा धंदा भाड्याच्या गर्दीचा होता. नटाचं स्वागत करायला विमानतळावर धावत येणारी मुलं, उद्घाटनाला बेशुद्ध पडणाऱ्या दोन मुली, पत्रांची पोती, 'प्रेक्षकांची लाडकी' अशा नावाची बक्षिसं, जे म्हणाल ते. गावाबाहेर त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथे फळ्यांवर ओळीनं शेकडो फोन मांडलेले असत आणि ते दिवसभर, कुणीही न बघता, गाणी बघत असत.

"हिच्यासाठी मी एक फोनसुद्धा लावलेला नाही," जावईबापू छातीवर हात ठेवून म्हणाले. "हिनं शपथ घातली होती. धंद्यात माझं हसं झालं, बायकोच्या मालिकेला साध्या टाळ्या नाहीत म्हणून. पण एक नाही लावला."

"माझं खरं असेल तेवढंच मला हवं," छोटी म्हणाली.

"शाब्बास!" दादाला भरून आलं. तो वजनमापे खात्यात होता. बाजारातले तराजू तपासणं हे त्याचं काम, आणि खरं माप हा शब्द कानावर पडला की त्याचा चेहरा भजनाला बसल्यासारखा व्हायचा. "माप खरं असलं की माणूस ताठ मानेनं जगतो. आणि त्या मोजणीचं म्हणशील तर अगदी चोख काम आहे हो त्यांचं. आपल्या घरातच बघ ना—"

"भात घे," आई म्हणाल्या.

"आपल्या घरात काय?" छोटीनं विचारलं.

"भात घे म्हणते ना! भावजी, तुम्हीही घ्या."

भावजी म्हणजे काका, अप्पांचे धाकटे भाऊ. ते आधीच घेत होते. दर रविवारी ते जेवणाच्या तासभर आधी यायचे आणि शेवटचा घास संपेपर्यंत कुणाच्या भांडणात पडायचे नाहीत.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

*

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. पायांत चालून चालून झिजलेले बूट, खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. रविवारी त्रास देते, माफ करा, म्हणाल्या. पण रविवारीच सगळे घरी सापडतात. पेटीची वर्षाची तपासणी आहे.

"कुठली पेटी?" छोटी मागून येत म्हणाली.

"करंटची," आई म्हणाल्या.

मोजणीवाल्या बाईंनी एकदा आईंकडे आणि एकदा छोटीकडे पाहिलं. अशी घरं त्यांनी बरीच पाहिली असावीत. "हो, तीच," त्या म्हणाल्या. पण मग त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी आपल्याच हातानं सगळं पाण्यात घातलं. "आणि तुमच्या एक नंबरच्या सदस्यांना भेटता आलं तर फार बरं होईल. आमच्या ऑफिसात ते फार प्रसिद्ध आहेत. एका मालिकेचा एकही भाग सोडत नाहीत. या वयात एवढं लक्ष! आहेत ना घरात?"

छोटीनं वळून आईंकडे पाहिलं.

"जेवतायत," थोरली म्हणाली. असं आपण का म्हणालो ते तिला स्वतःलाही कळलं नाही. "तुम्ही बसा. पाणी आणते."

छोटीला आणि आईंना पुढे घालून ती आत आली आणि स्वयंपाकघराचं दार तिनं पाठीमागे लावून घेतलं.

छोटी ओट्याला टेकून उभी होती. हुशार मुलगी, कोडं सुटायला तिला वेळ लागला नाही. चेहऱ्यावरचा रंग मात्र पायरी पायरीनं उतरत गेला.

"एक नंबर म्हणजे अप्पा," ती म्हणाली.

"हळू बोल," आई म्हणाल्या.

"म्हणजे या भागातले ते सगळे म्हातारे पुरुष..."

"सगळे म्हणजे," थोरली अडखळली, "मला वाटतं ते एकच असावेत."

"एकच म्हातारा. आणि तोही..."

काकांनी ताक ओरपल्याचा आवाज आला.

जावईबापूंनी सासूकडे पाहिलं. इतक्या आदरानं त्यांनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "आई," ते म्हणाले, "मी खोलीचं भाडं भरतो. विजेचं बिल भरतो. शेकडो फोन, दोन माणसं, उन्हाळ्यात पंखे. तरी एखादी मालिका एवढी उचलता आली नाही मला. आणि तुम्ही एका अंगठ्यानं!"

"खोटं माप!" दादा मटकन स्टुलावर बसला. "माझ्या घरात! परवाच एका भाजीवाल्याचा तराजू जप्त केला मी. पारड्याखाली चिंच चिकटवली होती म्हणून. अर्धा तास त्याला नीतीवर बोललो. आणि इथे माझेच वडील—"

"तुझे वडील काय चिंच आहेत?" आई कडाडल्या.

"तसं नाही गं आई—"

"मग कसं?"

"आई, मला सांगायचं नाहीस?" छोटीचा आवाज फाटला. "आजोबा घातले मी त्यात! रोज रात्री बसून त्यांच्या तोंडी वाक्यं घातली, वाटलं, कुठेतरी हजारो म्हातारी माणसं कान देऊन ऐकतायत."

"बाहेर ऐकू जाईल," जावईबापू म्हणाले. आता ते धंद्याच्या आवाजात बोलत होते. "रडणं नंतर. मीटिंग उद्या सकाळी आहे. आज फक्त एक म्हातारा दाखवायचा आहे, पाच मिनिटं. धंद्यात याहून अवघड कामं केलीत मी." त्यांची नजर खोलीभर फिरली आणि काकांवर येऊन थांबली.

काकांनी वाटी खाली ठेवली. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती, पण तरुणपणी ऑफिसच्या नाटकात त्यांनी एकदा राजाचं काम केलं होतं. ते त्यांच्या अंगातून अजून उतरलं नव्हतं.

"भूमिका काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचे भाऊ."

"बोलके की मूक?"

"मूक," तिघं एकदम म्हणाले.

"मी हे होऊ देणार नाही," दादा उठला. "मी बाहेर जाऊन सरळ सांगतो."

"दादा, उद्या दुपारपर्यंत," छोटीनं त्याचा हात धरला. "फक्त दुपारपर्यंत. मग तू सांग, मी स्वतः सांगेन, पेपरात छापून आण. वहिनी, तू तरी सांग ना याला!"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. दादा आशेनं, छोटी ओल्या डोळ्यांनी. थोरलीच्या कानात ते ढोल वाजले. चमचे, साखरेचा डबा, दाराआडचे कान. एक शब्द न बोलता नुसती बाजूला सरकली असती तरी ढोल उद्यापासून बंद झाले असते. पण छोटीनं खालचा ओठ दातांत धरला होता. ही मुलगी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून रडू आवरताना असाच ओठ धरायची, आणि थोरलीला ते कधीच बघवलं नव्हतं. शिवाय, दोन वर्षं गावभर आपण कपटी म्हणून मिरवतो आहोतच, तर एकदा कपट करून बघायला काय हरकत आहे?

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही गच्चीवर जा. कपडे वाळलेत का बघून या."

"आत्ता?"

"आत्ताच. एकेक करून बघा. घाई करू नका."

दादानं बायकोकडे असं पाहिलं, जणू ओळखीच्या दुकानात खोटं वजन सापडलं आहे. पण तो गेला.

*

अप्पांचा स्वेटर काकांना पोटावर बसेना. थोरलीनं त्यांच्या अंगावर शाल टाकली, अप्पांचा चष्मा चढवला आणि त्यांना अप्पांच्या खुर्चीत बसवलं. चष्म्यातून काकांना काहीच दिसत नसल्यामुळे त्यांचा चेहरा आपोआप थोर दिसू लागला.

"नमस्कार आजोबा," मोजणीवाल्या बाई जवळ खुर्ची ओढून बसल्या. "तुम्हाला त्रास नाही देत. एवढंच विचारायचं होतं, मालिका आवडते ना?"

काकांनी मान हलवली. इथवर ठीक होतं. आई दाराशी पदर हातात घट्ट धरून उभ्या होत्या. छोटी आणि जावईबापू सोफ्याच्या दोन टोकांना. थोरली पाण्याचा ट्रे घेऊन.

"काय आवडतं त्यात?"

नुसत्या हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न नव्हता तो. काकांनी दीर्घ श्वास घेतला. जावईबापूंनी डोळे मिटले.

"बाई," काका म्हणाले, आणि हा आवाज पोस्टातला नव्हता, राजाचा होता. "सकाळी डोळा उघडला की मी संध्याकाळची वाट बघतो. त्या मालिकेतले ते आजोबा! काय विचार, काय वाणी! परवा त्यांनी सुनेला उपदेश केला, 'बाळ, लिफ्ट काय आणि आयुष्य काय, वर जायचं तर आधी दार नीट लावावं लागतं.' माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं."

छोटीनं ओशाळून खाली पाहिलं. वाक्य तिचंच होतं.

"आणि जाहिराती लागल्या तरी उठत नाही?"

"उठणं? जाहिराती तर फारच सुंदर असतात. ही," काकांनी आईंच्या दिशेनं अंदाजे हात केला, तो खिडकीकडे गेला, "ही मला म्हणते, अहो, चहा घ्या. मी म्हणतो, गप्प बस! आधी मालिका, मग चहा. डोळ्याची पापणी हलवू देत नाही मी हिला. एकदा तर असा ओरडलो—"

"कधी ओरडले?" आई म्हणाल्या.

"आई," जावईबापू हळूच म्हणाले.

"नाही, मला कळू दे. कधी ओरडले? ह्यांनी मला जन्मात कधी 'गप्प बस' म्हटलेलं नाही. मीच म्हणायची, काहीतरी बोला. भावजी, उठा तिथून."

"वहिनी, रंगात आलं होतं हो," काका चष्मा काढत पुटपुटले.

"उठा म्हणते ना! तुमच्या भावाच्या खुर्चीत बसून त्यांना भांडखोर करता? आणि जाहिराती सुंदर! माणूस कधी जाहिरात बघायला जागा होता?"

काका उठले. शाल खुर्चीतच राहिली. आई मोजणीवाल्या बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या, हेडमास्तरांपुढे उभं राहावं तशा, पण मान ताठ.

"हे गेले हो. गेल्या वर्षी. बटण मी दाबते."

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. मांडीवरच्या यंत्रावर त्यांनी बोट फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं.

"गेल्या वर्षी इथे पंधरवडाभर टीव्ही बंद होता," त्या म्हणाल्या. "आम्ही धरलं, तुम्ही प्रवासाला गेलात. पण आजी, त्याच्या आधीचं आणि नंतरचं... काही फरकच नाही. ते असताना जसे बघायचे, तसेच गेल्यावरही बघतायत. एका मिनिटाचा फरक नाही."

"कसा असेल?" आई म्हणाल्या. "असतानाही मीच दाबायची. ते नुसते बसायचे. सुरुवातीचं गाणं संपायच्या आत झोपलेले असायचे. बसल्या बसल्या, चष्मा नाकावर. तुमच्या माणसानं सांगितलं होतं, खोलीत बसला असेल त्याचं बटण दाबा. बसलेले होते. दाबलं. डोळे उघडे आहेत का बघा, असं कुठे म्हणाला होता तो?"

सोफ्यावरून एक विचित्र आवाज आला. जावईबापू उशीत तोंड खुपसून हसत होते. "चार वर्षं," ते मध्येच मान वर काढून म्हणाले, "चार वर्षं अख्खी बाजारपेठ एका झोपलेल्या माणसाच्या मागे..." आणि परत उशीत गेले.

"मग आता का दाबता आजी?" मोजणीवाल्या बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तपासणीतला नसावा.

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"एकटीचं दाबलं की पेटीवर एकच दिवा लागतो," त्या म्हणाल्या. "बरं नाही दिसत."

जावईबापूंचं हसू थांबलं. दारात दादा उभा होता. गच्चीवर तो गेलाच नव्हता, जिन्यात बसून सगळं ऐकत होता, आणि हातात एकही कपडा नव्हता. थोरलीला वाटलं, आता हा खऱ्या मापावर बोलणार. पण दादा पुढे आला, पेटीपाशी गुडघ्यावर बसला आणि बाईंना म्हणाला, "स्क्रू घट्ट आहेत. मी काढून देतो."

"तुमचं घर मला कमी करावं लागेल," बाई म्हणाल्या. "या आठवड्याचे आकडेही रद्द होतील. आज संध्याकाळीच."

"करा," छोटी म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी ती मालिका लिहिते."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "हे मी ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर आणखी एक कागद भरावा लागेल." मग पिशवी उचलता उचलता जरा घुटमळल्या. "त्या वहिनीचं पुढे काय होतं हो? चमचेवाल्या? नाही, मी सहज विचारलं."

*

पेटी गेली. काका उरलेलं जेवायला बसले. कारण वाढलेलं पान टाकून उठणं त्यांना कधीच जमलेलं नव्हतं. छोटी ओट्यापाशी पाय खाली सोडून स्टुलावर बसली. लहानपणी निकालाच्या दिवशी बसायची तशी. आई चहा ठेवत होत्या.

"मला सांगायला हवं होतंस," छोटी म्हणाली.

"कुणालाही सांगू नका म्हणाले होते."

"मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणूनच. तुला सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस, आई, आज बघितलीस का. मग मला बघावीच लागली असती."

"म्हणजे तूही बघत नव्हतीस?" छोटी ताठ झाली. "दोन नंबरसुद्धा खोटा?"

"मी बघायची. सगळे भाग बघितलेत."

"मग? आवडते?"

आईंनी गॅस बारीक केला. "खरं सांगू?"

"नका सांगू आई," दारातून जावईबापू म्हणाले. "माझ्या धंद्यात एवढी एकच चूक करायची नसते."

"सांग," छोटी म्हणाली.

"त्या आजोबांनी वाट लावली. आधी बरी होती गं. पण तो माणूस आला आणि बोलतच सुटला. उठता उपदेश, बसता उपदेश. तो तुझे अप्पा आहे म्हणतेस? तुझे अप्पा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काळे होऊन यायचे. मी विचारायची, काय झालं होतं? तर म्हणायचे, 'अडकली होती.' संपलं. पुढचा शब्द दुसऱ्या दिवशी."

छोटीला हसू आलं आणि ते अर्ध्यावर रडण्यात गेलं. तिनं बाहीनं नाक पुसलं. "'अडकली होती' एवढ्यावर अख्खा भाग कसा लिहू मी, आई?"

"वहिनी मात्र बरोबर उतरलीय," आई म्हणाल्या.

थोरलीच्या हातून बशी सटकता सटकता राहिली.

"ती आली की मी भाजी निवडायची थांबते. अगदी हुबेहूब. दार ओढून घेते ते सुद्धा."

"वहिनी, अगं, ती तू नव्हेस," छोटी घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे थोडीशी... पण खलनायिका म्हणून नव्हे, चॅनेलनं सांगितलं म्हणून—"

"चमचे मी मोजते," थोरली म्हणाली. दोन वर्षं घशाशी धरलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, पण वाटलं होतं तेवढं तिखट लागलं नाही. "कारण तुझ्याकडे डबा पाठवला की तो चमच्याशिवाय परत येतो. हेही घाल एकदा तुझ्या मालिकेत. आणि माझ्यामागचे ते ढोल काढ. डोकं उठतं."

"किती चमचे आहेत आमच्याकडे?" जावईबापूंनी विचारलं.

"अकरा."

छोटीनं वहिनीचा हात धरला, सोडला, आणि परत धरला. बाहेरच्या खोलीत दादा पेटीच्या जागचा धुळीचा चौकोन ओल्या फडक्यानं पुसत होता. पुसून झालं तरी पुसत होता.

"उद्या बंदच करतील," छोटी म्हणाली. आवाज आता शांत होता. "शेवटचे थोडे भाग देतील, गुंडाळायला. तेवढे लिहायचे आणि घरी बसायचं."

"ते शेवटचे कुणी मोजणार आहे का?" आईंनी विचारलं.

"बंद पडलेल्या मालिकेचं कोण काय मोजतंय. साहेबसुद्धा वाचणार नाहीत."

"मग त्या आजोबांना एकदा झोपव."

"मारून टाकू म्हणतेस?"

"मारू नकोस गं! झोपव. खुर्चीत. चष्मा नाकावर. बाकीच्यांना भोवती काय बोलायचं ते बोलू दे, भांडू दे, चमचे मोजू दे. तो झोपलेला राहू दे."

"आई, अख्खा भाग?" छोटी म्हणाली. "खुर्चीत झोपलेला म्हातारा! कोण बघत बसेल असल्या माणसाकडे?"

आईंनी चहा गाळला. आधी मुलीच्या कपात, मग सुनेच्या.

"का?" त्या म्हणाल्या. "मी नाही बसले?"